पाठीचा खाका

पाणी शिंपडलेल्या सुती कापडावरून कोळशाची इस्त्री फिरली की एक वास उठतो. थोडा उबट, थोडा करपट आणि का कोण जाणे, फार मायाळू. धाराशिवच्या ज्या महाविद्यालयात मी संगणकशास्त्र शिकवतो, तिथं हा वास येण्याचं काही एक कारण नाही. तरीही दरवर्षी इनहेरिटन्सचा, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वारशाचा, धडा आला, मी फळ्यावर एक चौकोन काढला आणि त्याच्याखाली रेघ ओढून दुसरा काढला, की तो वास हमखास दरवळतो आणि मी बोलता बोलता थांबतो. मुलांना वाटतं, सर पुढचं विसरले. पुढचं कसलं विसरतोय! माझ्या बेंबळी गावातलं रशीदचाचांचं शिलाईचं दुकान आठवत असतं मला.

आमच्या घरासमोरच ते दुकान होतं. लाकडी फळीवर मांडी घालून बसलेले चाचा, दोन बाजूंच्या दोन मशिनींवर त्यांचा मुलगा सलीम आणि शागीर्द तानाजी, आणि मागच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला जाड तपकिरी कागदाचा खाका. पाठ, पुढा, बाही, कॉलर अशा त्याच्या पाकळ्या दोऱ्यात ओवलेल्या असायच्या. कापडावर खाका ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, मग गिऱ्हाइकाच्या मापाप्रमाणं कमी-जास्त करून कात्री चालवायची. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावरचे शर्ट त्या एका खाक्यातून जन्माला आले होते, आणि तो स्वतः मात्र कुणाच्याच अंगावर कधी चढला नव्हता.

पुढं लातूरला शिकायला गेल्यावर पुस्तकानं सांगितलं, की क्लास म्हणजे नुसता आराखडा आणि त्याच्यावरून घडते ती प्रत्यक्ष वस्तू. मी मनात म्हटलं, एवढंच ना? हे तर मी लहानपणापासून समोरच्या भिंतीवर टांगलेलं पाहतोय! एका क्लासनं एकाच क्लासकडून गुण घ्यावेत, हा सगळ्यांत साधा प्रकार. आजोबांकडून बापानं आणि बापाकडून लेकानं घ्यावं, तशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी परंपरा हा दुसरा. चाचांचे अब्बाही शिंपीकामच करायचे, ते चाचांकडं आलं आणि चाचांकडून सलीमकडं. पण चाचांकडून तानाजीनंही घेतलंच की! एकाच मूळ क्लासला फुटलेल्या या दोन फांद्या म्हणजे आणखी एक प्रकार.

आणि दोन पालकांकडून एकदम घेणाऱ्या क्लासची गंमत तर विचारूच नका. तानाजीची मुलगी सुवर्णा आज ते दुकान चालवते. ती निम्मं बापाकडं शिकली, निम्मं सलीमकडं. दोघांचा उस्ताद एकच, पण बापाची कॉलर टोकदार आणि सलीमची गोल. मग तिनं कुणाची कॉलर घ्यावी? या पेचाला भिऊन काही संगणकभाषांनी दोन पालकांना दारातच मज्जाव केला आहे. सुवर्णा गिऱ्हाइकाला विचारते आणि मोकळी होते. या साऱ्या प्रकारांची सरमिसळ झाली की जो तयार होतो त्याला आम्ही शिक्षक संकरित म्हणतो, आणि परीक्षेत पाच गुणांना विचारतो.

पण माझ्या मनाला सर्वांत जवळचं वाटतं ते वेगळंच. मूळ क्लासचं एखादं वागणं पटलं नाही, तर वारसदाराला ते आपल्यापुरतं बदलून घेता येतं. मूळ क्लासला त्याचा पत्ताही लागत नाही! किती शालीन अवज्ञा ही! चाचांच्या दुकानात ती कित्येक वर्षं रोज घडत होती. कारण चाचांच्या खाक्यात खोट होती. त्याची पाठ बोटभर जास्त लांब होती. चाचांनी स्वतः बेतलेला शर्ट मागून खाली लोंबायचा. सलीमला हे ठाऊक होतं, तानाजीलाही ठाऊक होतं, पण उस्तादाची चूक तोंडावर सांगायची नाही, हा तिथला रिवाज. दोघंही निमूट खडू बोटभर आत घेऊन रेघ मारत. एकानं दुसऱ्याला विचारलं नव्हतं आणि चाचांना कुणी सांगितलं नव्हतं.

लातूरला शिकत असताना एका श्रावणात मी तापातून उठून पंधरा दिवस गावी आलो होतो. डोक्यात ताजा इनहेरिटन्स आणि अंगात विशीतला शहाणपणा. खाक्याची पाठ मी एकदा सहज पुढ्याशी ताडून पाहिली आणि मला खोट सापडली. त्या दोघांच्या खडूचं मला तेव्हा ठाऊक नव्हतं. दोष मूळ क्लासमध्ये असेल तर तो तिथंच दुरुस्त करावा, म्हणजे सगळे वारस आपोआप सुधारतात, असं सरांनी शिकवलंच होतं. शुक्रवारी दुपारी चाचा आणि सलीम नमाजाला गेले, तानाजी जेवायला गेला आणि जाताना त्यानं दुकान माझ्यावर सोपवलं. मी खाका काढला, पाठीची खालची कड बोटभर कापली आणि परत खिळ्याला टांगून ठेवला. कुणाला बोललो नाही. मला तर उपकार केल्यासारखं वाटत होतं!

आता काय झालं असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच आठवड्यात शाळेच्या लेझीम पथकाचे पांढरे शर्ट शिवायला आले. मुलांची मापं चाचांनीच घेतली. सलीम आणि तानाजीनं मी आखूड केलेल्या खाक्यावरून सवयीनं पुन्हा बोटभर आत रेघ मारली. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, हलगी वाजू लागली, आणि पहिल्याच ठेक्याला सगळी मुलं एकदम खाली वाकली, तशी सगळ्यांचे शर्ट मागून एकदम बाहेर आले. मुलांनी खोचले, पुन्हा वाकली, पुन्हा बाहेर! सारं मैदान हसलं. मीही हसलो असतो, पण पुढच्या रांगेत चाचा बसले होते.

कुणीतरी मागून म्हणालं, "चाचाला आता दिसंना बगा. म्हातारपण आलं." चाचा उठले, जिलबीचा पुडा न घेताच घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, पण त्यांनी कात्रीला हात लावला नाही. "माजी नजर गेली सलीम. पोरांचं हसं झालं माज्यापायी. आता तूच बेत, म्या बटनं लावत बसतो," एवढंच म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही, तो माणूस माझ्या बोटभर कागदापायी कात्री कायमची ठेवून देत होता. मी दोन दिवस घरातून दुकानाकडं पाहत राहिलो. जेवण गोड लागेना. खरं सांगायचं धैर्य नव्हतं आणि न सांगता राहवतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फळीजवळ जाऊन उभा राहिलो. "चाचा, तुमची नजर न्हाय गेली. खाका म्या कापलाय. पाठ बोटभर जास्त हुती म्हणून."

मशिनी थांबल्या. सलीमनं मान खाली घातली. "अब्बा, त्याची एकट्याची चूक न्हाय. आमी बी पयल्यापास्नं खडू बोटभर आत घेत हुतो. म्हणून दुप्पट आखूड झालं."

"म्हंजे इतकी वर्सं तुमाला ठावं हुतं? आन् मला कुणी बोललं न्हाय?"

"तुमाला कसं सांगावं चाचा?" तानाजी म्हणाला.

चाचांनी खाका मागून घेतला. कापलेल्या कडेवरून ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. मग म्हणाले, "म्या पयला शर्ट बेतला त्यो माज्या अब्बांचा. मशिनीवर बसून बसून त्येंची पाठ वाकली हुती. वाकल्या पाठीला कापड लई लागतंय. त्येनला बरुबर बसला, म्हणून त्येच्यावरनंच खाका काडला. वाटलं, सगळ्यांलाच बसंल."

मला भडभडून आलं. ज्याला मी खोट समजलो होतो, ती एका बापाची वाकलेली पाठ होती, आणि ती मी कुणालाही न विचारता कापून टाकली होती! पुस्तकात हे कुठं लिहिलेलं असतं? मूळ क्लासला हात घालण्याआधी त्याच्यावर कोण कोण कसं विसंबून आहे ते पाहावं, एवढं लिहिलेलं असतं, आणि तेही मी नीट वाचलं नव्हतं. मी माफी मागितली. चाचांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं.

"हिकडं ये. सरळ उबा ऱ्हा."

त्यांनी टेप टाकून माझी पाठ मापली, खांदे मापले, कोरा कागद अंथरला आणि नवा खाका आखला. हात जरासुद्धा थरथरला नाही. मग दोघांना जवळ बोलावलं. "बगा. कुठं चुकलं आसंल तर आत्ता बोला. माज्या तोंडावर बोला."

तानाजीनं सलीमकडं पाहिलं.  सलीम कागदावर बोट ठेवून म्हणाला, "मुंढा जरा आवळ झालाय, अब्बा." बापाला चूक दाखवायची त्याची ती पहिलीच वेळ. चाचांनी बगलेची ती गोलाई पुन्हा पाहिली, खडूनं सैल केली आणि कात्री उचलली. त्या दिवशी दुपारपर्यंत तिघांनी मिळून मुलांच्या शर्टांची खालची दुमड उसवून लांबी वाढवली, आणि मी बटनं लावत बसलो.

चाचांनी पुढं कित्येक वर्षं कात्री चालवली. आता ते नाहीत, सलीम पुण्याला मुलाकडं असतो, आणि गावातले शर्ट अजूनही माझ्या विशीतल्या पाठीवरून बेतले जातात. मला आपला त्याचा गुपचूप अभिमान वाटत आला आहे. मागच्या महिन्यात मी सुवर्णाकडं शर्ट शिवायला गेलो. तिनं खाका माझ्या पाठीला लावून पाहिला आणि मान हलवली. मी हसून म्हटलं, "अगं, तो माझ्याच पाठीचा आहे!"

"आसंल की काका," ती म्हणाली, "पर आता तुमालाच बसंना. काम्पुटरपुढं बसून पाठ वाकली तुमची. खाली बोटभर वाडवावं लागंल."

मी सरळ उभं राहून पाहिलं. मग म्हटलं, वाढव.