चाचांनी मागितलेला कूलर

चाचा कपाटाचं दार कधी पंजाने उघडत नसत. डाव्या हाताची करंगळी दाराच्या कडेला लावायची, हलकेच ओढायचं, आणि दार जरा जरी अडलं की माझ्याकडे बघून म्हणायचं, "बराबर हे, पण बिलकुल बराबर न्हाई."

या दोन बराबरांत किती अंतर असतं ते समजायला मला सहा महिने लागले. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यापुढे चांगली वस्तू ठेवली की तो आधी चष्मा पुसायला घेतो.

जालन्याच्या एमआयडीसीत जिकडेतिकडे लोखंड आणि बियाणं. त्यात आमचा कारखाना लाकडाचा. स्वयंपाकघरातली कपाटं तयार करून आम्ही परदेशी पाठवायचो. माल रवाना करायची कागदपत्रं मी बघत असे. नवीन होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती. चाचा मूळचे सुतार. गुडघे धरल्यावर शेठनी त्यांना तपासणीला बसवलं. त्यांची सही झाल्याशिवाय एकही कपाट पॉलिशला जात नसे.

"चाचा, करंगळीच का?" मी एकदा विचारलं.

"बाईचे हात पिठाचे राहतात, बेटी. डबा काढायचा तर ती काय आधी हात धुवायला जाईल?"

"तिकडे कोण कणीक मळतंय?"

"मंग काय उपाशी राहतात?"

फळीवर किती वजन ठेवून बघायचं ते गिऱ्हाइकाने कागदावर लिहून दिलेलं असे. चाचा ते ठेवायचेच, शिवाय शेजारच्या कारखान्यातून बियाण्याचं एक पोतं मागून आणून तेही वर चढवायचे. चाची एकदा डबा द्यायला आल्या होत्या. नवऱ्याची ही कसरत बघून म्हणाल्या, "घरी पाण्याचा गिलास बी स्वतःच्या हातानं घेत न्हाईत." चाचा ऐकू न आल्यासारखं करून बिजागरी बघत बसले.

मे महिना आला. चाचांची तपासणीची खोली पत्र्याची. तिथे पंखासुद्धा नव्हता. दुपारी ते ओला रुमाल डोक्यावर टाकून काम करायचे. मला बघवेना. ऑफिसात एक जुना कूलर पडून होता, तो मी कुणालाही न विचारता त्यांच्या खोलीत लावून दिला. "कशाला उगीच, बेटी," म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी रुमाल खिशातच होता. मी स्वतःवर फार खूश झाले.

त्याच आठवड्यात चाळीस कपाटं तपासणीला आली. दोन-तीन दिवस खोलीत राहिली, आणि चाचांना जवळजवळ प्रत्येक दार अडायला लागलं. त्यांनी मिस्त्रींना बोलावून दारांच्या कडांवर रंधा मारून घेतला. करंगळीने दारं अलगद उघडू लागली. चाचांनी सह्या केल्या.

कपाटं पॉलिशच्या शेडमध्ये गेली. तिथे कोरडी हवा. चार दिवसांत दोन दारांच्या मधे अशी फट पडली की काडेपेटीतली काडी आरपार जावी. लाकूड कूलरच्या ओलाव्याने फुगलं होतं. आम्ही ते फुगलेलं लाकूड तासलं, आणि आता ते सुकून आकसलं होतं. ओलावा मोजायचं यंत्र लाकूड गाडीतून उतरलं तेव्हाच लावलं होतं. खोलीत कुणी लावलंच नव्हतं.

चाचा एकेक फट बोटाने चाचपत गेले. चाळीसही कपाटं बघून झाल्यावर खाली बसले आणि म्हणाले, "माझ्या हातानं झालं."

शेठ आले. कंटेनर परवा निघायचा होता. "फटीत पट्टी भरा, वरून पॉलिश मारा. कोण बघतंय?"

"ज्याच्या घरात जाईल तो रोज बघंल, शेठ. मी सही केल्ती, ती मी खोडून राह्यलो."

"सही खोडायची असंल तर उद्यापासून येऊ नका!"

चाचांनी खिशातलं पेन काढलं आणि चाळीसही कागदांवरची आपली सही एकेक करून खोडली. घाई केली नाही. शेवटचा कागद झाल्यावर पेन शेठपुढे ठेवलं. मला रडू यायला लागलं होतं, कारण कूलर मी लावला होता.

शेठ कपाटांजवळ गेले. मग त्यांनीही एका फटीवरून बोट फिरवलं. "नवी दारं करायला किती दिवस?"

"आठ."

"करा. आन् ही कूलरची अक्कल कुणाची?"

मी तोंड उघडलं. माझा आवाज फुटायच्या आत चाचा म्हणाले, "मीच मागल्ता. उमर झाली, गर्मी सोसंना."

शेठ निघून गेले. मी चाचांकडे बघितलं, तर ते मिस्त्रींना लाकूड निवडून द्यायला निघाले होते. आठ दिवस ते मिस्त्रींबरोबर बसून दारं घासत होते. चाची सगळ्यांसाठी खिचडी आणि चिंचेचा खट्टा पाठवायच्या. घाम गाळत, एकमेकांची टर उडवत आम्ही जेवायचो. त्या कारखान्यातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच. कंटेनर उशिरा गेला, पण माल परत आला नाही. दिवाळीत मी कायम झाले.

यंदा चाचांनी काम सोडलं. लेकीकडे परभणीला राहतात, नातवंडांच्या खेळण्यांत खोट काढतात म्हणे. निरोपाच्या दिवशी हार घालून झाल्यावर मला राहवेना. मी शेठच्या केबिनमध्ये गेले आणि एका दमात सांगून टाकलं, "तो कूलर चाचांनी मागितला नव्हता. मी लावला होता."

शेठनी कागदांतून मान वर केली.

"ठाऊक हे मला. दहा वर्षं त्या पत्र्याखाली बसला, साधा पंखा न्हाई मागितला त्यानं. तो कूलर मागंल?"