बिनक्लचची गाडी

फोन आला तेव्हा मी एका जीपखाली पाठीवर पडून होतो. हात ऑइलने माखलेले, म्हणून दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा घेतला. मंगलवहिनी होत्या. "भाऊ, हे गेले," एवढंच म्हणाल्या. विलास आठ दिवस जळगावच्या दवाखान्यात होता, हे मला माहीत होतं. पोटाचं काहीतरी आहे, दोन-चार दिवसांत सोडतील, असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं आणि मी ते खरं धरून बसलो होतो. त्याला आता महिना होऊन गेला. आधी मला त्याचा राग आला, सांगितलं नाही म्हणून. आता माझाच येतो.

आम्ही दोघं नरडाण्याजवळच्या एकाच गावचे. मी दोन वर्षांनी मोठा, म्हणून तो मला भाऊ म्हणायचा. मी धुळ्यात गॅरेज टाकलं, तो पहूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून म्हणून लागला आणि तिकडचाच झाला. सहा फूट उंच, काटकुळा, कधी कुणावर आवाज न चढवणारा. साधी चप्पल घ्यायची तरी तीन चकरा मारायचा, उलटून-पालटून बघायचा, घरी जाऊन विचार करायचा. मी त्याच्या अगदी उलट. गाडीच्या बाबतीत तर आमच्या गोतावळ्यात माझा शब्द शेवटचा. मला न विचारता कोणी मोपेड जरी घेतली, तरी मी वर्षभर त्याला टोमणे मारतो. याचा मला फार अभिमान होता…

पाडव्याच्या आधी विलासने मला जळगावच्या शोरूमला बोलावून घेतलं. वहिनीही सोबत होत्या. छोटी गाडी घ्यायची, पण त्यातली साधी, म्हणजे बेस, घ्यावी की स्पोर्ट, ते ठरत नव्हतं. दोन्ही शेजारी-शेजारी उभ्या होत्या. मला तर चेव चढला. विक्रेती मुलगी बिचारी माहितीपत्रक हातात धरून उभी राहिली आणि मीच बोनेट उघडून शिकवणी सुरू केली. स्पोर्टला काळं छत, चकचकीत चाकं, सीटवर लाल दोऱ्याची शिलाई, मागे एक बिल्ला. "इंजिन तेच शे, बठ्ठं तेच शे. लाल दोराना पैसा देशी का?" मी आमच्या अहिराणीत म्हणालो; सगळं तेच, तर नुसत्या दोऱ्याचे पैसे कशाला. विलास हसला. मग त्याने त्या मुलीला हळूच विचारलं, बेसमध्ये बिनक्लचची येते का? ती म्हणाली, नाही सर, ऑटोमॅटिक फक्त स्पोर्टमध्ये. सीट वर-खाली होते का? तीही फक्त स्पोर्टमध्ये, बेसची नुसती पुढे-मागे होते. मी म्हणालो, अरे, तुला उंची कमी पडते का? तो म्हणाला, मंगलला एकदा स्टेअरिंगवर बसवून बघू. यावर मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "वहिनी मागे बसणार. मागे पाय पुरतात का ते बघ." वहिनी निमूटपणे मागच्या सीटवर जाऊन बसल्या. छान आहे, म्हणाल्या.

वहिनी ठेंगण्या, आणि डावा पाय पोलिओने बारीक. लग्नापासून मी ते बघत आलोय. त्या एका आरोग्य केंद्रात कंत्राटी नर्स. स्कूटीवरून एकदा वाईट पडल्या, तेव्हापासून रोज सकाळी विलास मोटारसायकलवर सोडायचा आणि संध्याकाळी आणायचा. हेही मला माहीत होतं. गाड्यांचं एवढं कळणाऱ्या माणसाला, ही गाडी चालवणार कोण, एवढं विचारायचं सुचलं नाही.

दोन दिवसांनी तो एकटाच एसटीने धुळ्याला आला. गॅरेजसमोर बाकड्यावर बसला, चहा अर्धा ठेवला. "भाऊ, बिनक्लचनी लिधी तर?" म्हणाला. मी स्पार्क प्लग घासत होतो. मान वर न करता म्हणालो, "तुना पाय गळी ग्यात का?" वर त्याला ऐकवलं, त्या आपोआप गिअरचं काही बिघडलं तर पहूरमध्ये कोण हात लावणार आहे? माझं म्हणणं चूक नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण तो काही सांगायला आला होता, आणि मी त्याला बोलायला जागाच ठेवली नाही. तो उठला. "तू म्हनशी तीच लेवूत." पाडव्याला बेस घरी आली.

तेराव्यानंतर मी पहूरला गेलो तेव्हा वहिनींनी सगळं सांगितलं. आता फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी संक्रांतीलाच स्पष्ट सांगून टाकलं होतं. विलासने त्याच आठवड्यात वहिनींचं नाव ड्रायव्हिंग स्कूलमध्ये घातलं. काही झालं तरी नोकरी सोडायची नाही, म्हणाला. तिथे कळलं, डावा पाय क्लचवर टिकत नाही. म्हणून बिनक्लचची.

"मग शोरूममध्ये एक शब्द बोलायचा होता, वहिनी!" मी जवळजवळ ओरडलोच.

"कोणत्या तोंडाने, भाऊ? नवरा समोर उभा आहे, आणि तो गेल्यावर मला गाडी लागेल, असं बायकोने चारचौघांत म्हणायचं?"

तोही बोलू शकला नाही. घरात नवी वस्तू येताना मरणाची भाषा करायची नाही, असंच आम्ही वाढलो. आणि माझ्यापुढे तर त्याला तोंड उघडायचीच चोरी.

हाताने दाबायचा क्लच बसवता येतो. खटपट असते, परवानगी लागते, पण बसतो. मी करून देतो म्हणालो. वहिनींनी किल्ली आणून दिली. "बसवा," म्हणाल्या. "पण केंद्रात माझ्या जागी दुसरी नर्स घेतली, भाऊ. एसटीने जाताना रोज उशीर व्हायचा." आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

अंगणात जाऊन मी गाडीचं दार उघडलं आणि आत बसायला गेलो तर गुडघे स्टेअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली, वर एक जाड उशी दोरीने आवळून बांधलेली. मी वहिनींना विचारलं, तुम्ही बसून बघितलंत का?

"नाही हो. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी हेच गाडीपाशी किती वेळ खटपट करत होते. मला म्हणाले, तुझ्या मापाची करून ठेवली."

मी घ्यायला लावलेल्या गाडीत बायकोसाठी जेवढं करता येण्यासारखं होतं, तेवढं तो करून गेला होता. मी सीट मागे सरकवली नाही. अंग चोरून, गुडघे मुडपून तशीच धुळ्यापर्यंत आणली.