सहा नंबरची न धुतलेली जर्सी

नूल कुंदे वारला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तेक्ला शोकाच्या मांडवात रताळी सोलत बसली होती आणि तिचे हात कापत होते. हे दुःखामुळे होत आहे असे शेजारच्या बायकांनी मानले. दुःख होतेच. पण हात कापत होते ते भीतीने, आणि ही गोष्ट त्या मांडवात तिच्यावाचून कोणालाही ठाऊक नव्हती.

तेक्लाने साठी ओलांडली होती. तिचा नवरा केव्हाच गेला होता आणि तिला मूलबाळ नव्हते. लग्न होऊन ती खालच्या खोऱ्यातून सिम्बु नदीकाठच्या या गावात आली, त्याला चाळीस वर्षे झाली. तरी भांडण निघाले की लोक अजूनही तिला खालच्या खोऱ्यातलीच म्हणत. गावाच्या कोकोमो या रग्बी संघाच्या जर्सी धुणे हे तिचे काम. कोकोमो म्हणजे धनेश पक्षी, आणि जर्सीच्या छातीवर त्याचीच मोठी पिवळी चोच शिवलेली असे. मैदानात उतरणारे तेरा आणि बाहेर बसणारे चार, अशा सतरा जर्सी ती दर सोमवारी झोळीत भरून नदीवर नेई. तिला अक्षर येत नव्हते, परंतु एक ते सतरा हे आकडे जर्सीच्या पाठीवरून ती बिनचूक ओळखत असे. कोणता खेळाडू मन लावून पळाला आणि कोणी अंग चोरले, हे तिला डागांवरून समजे. तीस वर्षांत तिच्या हातून एक पायमोजाही हरवला नव्हता. याचा तिला अभिमान होता, आणि आज तोच अभिमान तिच्या गळ्याशी आला होता.

मांडवात माणसे मावत नव्हती. कपाळाला आणि दाढीला शोकाचा राखाडी चिखल माखून, खांद्यावर उसाच्या मोळ्या आणि केळीचे घड घेऊन तीन खोऱ्यांतून लोक आले होते. पहिले दोन दिवस नुसते रडण्यात गेले. तिसऱ्या दिवशी चुना लावलेली सुपारी तोंडात फिरू लागली, जिभा लाल झाल्या, आणि लोक संघाचा लाडका खेळाडू असलेल्या नूलच्या आठवणी काढू लागले.

"अरे, नूल पळायला लागला की वाटेतली डुकरंसुद्धा बाजूला व्हायची!"

"तुझं डुक्कर तर नाहीच झालं. त्यालाच धडकून पडला होता ना तो, लहानपणी?"

"पडला, पण चेंडू सोडला नाही! माझ्या डुकराला विचार."

माणसे रडतारडता हसली. मग सात वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याची आठवण निघाली. ती निघणारच होती. पलीकडच्या जिल्ह्याच्या संघाशी कुंदियावा शहराच्या मैदानावर झालेला तो सामना तीस हजार लोकांनी पाहिला असे सांगत, जरी त्या मैदानात पाच हजारांवर माणूस मावत नाही.

"मी कुंपणाबाहेर सुरूच्या झाडावर होतो," एक म्हातारा उठून उभा राहत म्हणाला. "शेवटची दोन मिनिटं. सहा टॅकलमधले पाच झालेले, म्हणजे अजून एकदा पाडलं की चेंडू त्यांचा. चेंडू नूलच्या हातात आला आणि तो थांबला! सगळं मैदान पळतंय आणि हा एकटा उभा. डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो. तिघं जण त्याच्यावर धावून आले ते तसेच पुढं घसरत गेले. आणि मग सुटला, बाबांनो! सरळ रेषेपार. ट्राय!"

"असलं डोकं देवानं एकालाच दिलं," कोणी म्हणाले.

"ते डोकं. आणि अंग? कधी पडला नाही, कधी दुखलं म्हणाला नाही."

हे वाक्य ऐकताच तेक्लाच्या सुरीखालचे रताळे निसटले. यानंतर कोणते वाक्य येणार, हे तिला कळून चुकले होते.

ते वाक्य काउपाने उच्चारले. काउपा हा नूलचा थोरला चुलतभाऊ आणि अनेक वर्षे संघाचा व्यवस्थापक. त्याचा आवाज रडून बसला होता. "मग मला एवढंच सांगा. असा लोखंडासारखा माणूस. एकोणचाळीस वर्षांचा. बाजारात सुपारी घ्यायला उभा राहतो आणि उभ्याउभ्या कोसळतो. कसा?"

"डॉक्टर म्हणाला, डोक्यात रक्त साकळलं," कोणीतरी हळूच बोलले.

"साकळलं ते बरोबर आहे. पण ते तिथं आणलं कोणी?"

असा प्रश्न या भागात एकदा विचारला गेला की तो परत पोटात जात नाही. त्याला एखाद्या माणसाचे नाव लागते, आणि ते नाव बहुधा अशा बाईचे असते जिच्या पाठीशी मुलगा नाही, भाऊ नाही. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या एका विधवेचे काय झाले, ते तेक्लाने पाहिले नव्हते. तिच्या घराच्या जागी उरलेले चार काळे खांब मात्र पाहिले होते.

"उद्या सकाळी वरच्या खोऱ्यातल्या देवऋषीला आणायचं," काउपा म्हणाला. "करणी करायला घामाचा कपडा लागतो. कोणाकडं त्याचा कपडा सापडतो का, ते आज दुपारीच घरोघर बघायचं. आणि दुसरं, नूलला त्या अंतिम सामन्याच्या जर्सीत पुरायचं आहे. सहा नंबर. कुठं आहे ती?"

"ती नदीत वाहून गेली ना त्याच वर्षी? तेक्लामावशीच म्हणाली होती."

"हो, म्हणाली होती," काउपा सावकाश म्हणाला. "तीस वर्षांत हिच्या हातून एक मोजा वाहून गेला नाही. वाहून गेली ती नेमकी तेवढी एक जर्सी."

चिखल माखलेले चेहरे एकेक करून तिच्याकडे वळले. "पाणी आणते," असे पुटपुटून तेक्ला उठली.

जर्सी नदीत वाहून गेली नव्हती. ती तिच्या झोपडीत, खाटेखालच्या जुन्या झोळीत, सात वर्षे घडी घालून ठेवलेली होती आणि ती एकदाही धुतलेली नव्हती.

तो सामना संपल्यावर लोकांनी नूलला खांद्यावर नाचवले. त्यानंतर कपडे बदलायच्या खोपटामागे तेक्लाला तो एकटा सापडला. गुडघ्यांवर बसून तो ओकत होता. जर्सीच्या गळ्यावर ओकारी होती आणि कानातून आलेले रक्त खांद्यापर्यंत ओघळले होते. तिला पाहून तो "आई" म्हणाला. त्याची आई त्याच्या लहानपणीच वारली होती. थोड्या वेळाने भानावर येऊन त्याने जर्सी काढून तिच्या हातात दिली. "मावशी, ही सोमवारी नदीवर नेऊ नकोस. तिथं सगळ्यांच्या बायका असतात, बघतील. मोरेस्बीच्या, राजधानीच्या संघासाठी माणसं निवडायला साहेब आलेत. त्यांच्या कानावर गेलं तर मी संपलो. कोणाला सांगू नकोस."

तिने शब्द दिला. मोरेस्बीच्या संघात त्याची निवड झाली नाही ती नाहीच; पण दिलेला शब्द उरला. लपवून धुवावी, तर धुतलेला कपडा उन्हात वाळत घालावा लागतो, आणि ऊन सर्वांच्या डोळ्यांसमोर पडते. जर्सी वाहून गेली असे ती एकदा बोलून बसली, त्यानंतर ती बाहेर काढण्याची सोय राहिली नाही. आणि खरे सांगायचे तर तिला ती टाकवतही नव्हती. मैदानाच्या दोरीशी उभी राहून "पळ, माझ्या पोरा, पळ!" असे ओरडून तिने आपला घसा कायमचा बिघडवून घेतला होता. कोणाकडे आवडत्या खेळाडूचे छायाचित्र असते. तिच्याकडे हे होते.

झोपडीत शिरून तिने दार ओढून घेतले आणि झोळी बाहेर काढली. चुलीत घालावी, तर त्या कापडाचा काळा धूर भर दिवसा छपरातून निघेल. नदीत टाकावी, तर खालच्या वळणावर पाहुण्यांच्या बायका पाणी भरत आहेत. झोळी उचलून माहेरच्या खोऱ्याकडे निघावे, तर वाट बाजारातून जाते, आणि पळणारी बाई स्वतःच्या तोंडाने आपला गुन्हा सांगत जाते. बाहेर कोणीतरी खोकले, तेव्हा तिने जर्सी पोटाशी धरली आणि ती श्वास रोखून बसली. पावले पुढे गेली. दुपार व्हायला फारसा अवधी नव्हता. घरझडतीत ही वस्तू खाटेखाली सापडली तर तिला बोलण्याची संधीही मिळणार नव्हती. तिच्या स्वतःच्या हातात दिसली, तर निदान चार वाक्ये बोलता येतील.

त्या चार वाक्यांसाठी ती उठली.

जर्सी दोन्ही हातांवर उघडी धरून ती मांडवात आली, तेव्हा प्रथम बायका बाजूला सरकल्या. मग पुरुष उठले. एकाने "बघा! बघा!" असा ओरडा केला आणि दोघांनी कुंपणाची दारे अडवली. काउपा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या कमरेला, सर्वांच्या असतो तसा, लांब कोयता होता.

"म्हातारे," तो म्हणाला, "हे तुझ्या घरात?"

"माझ्या घरात. सात वर्षं." तिने जर्सी त्याच्यापुढे केली. "ही त्यानं स्वतः दिली. हे बघा, हे रक्त. हे कानातून आलेलं आहे, नाकातलं नाही. नाकातलं पुढं पडतं, हे खांद्यावर आहे. मी तीस वर्षं रक्त धुतेय, मला कळतं. ही त्याची ओकारी. तो मला आई म्हणाला. त्याला दिसत नव्हतं मी कोण ते. कोणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी सांगितलं नाही."

"खोटं!" सुरूच्या झाडावरून सामना पाहिलेला म्हातारा किंचाळला. "नूलला कधी काही झालं नाही! आम्ही पाहिलंय!"

"मेलेल्या माणसाला दुबळा म्हणते! धरा हिला!"

कोणाचा तरी हात तिच्या दंडावर पडला. तेक्लाने डोळे मिटले. तिच्या सांगण्याने तिची सुटका होत नव्हती. उलट, लोकांच्या जवळ नूलचे जे काही उरले होते, तेच ती त्यांच्याकडून हिसकावून घेत होती. हे तिला समजत होते, आणि त्यासाठी ते तिला क्षमा करतील असे तिला वाटत नव्हते.

"सोड तिला."

हा आवाज पाउलुसचा होता. पाउलुस हा नूलच्या संघातला धिप्पाड आठ नंबर. आता तो प्रवासी गाडी चालवत असे. तीन दिवस तो कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला होता आणि त्याने एकही आठवण सांगितली नव्हती.

"तो थांबला होता ना," पाउलुस म्हणाला, "डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं? ती हुलकावणी नव्हती. त्याच्या आधीच्या स्क्रमला, रेटारेटीसाठी खांदे भिडण्याआधी, त्यानं माझ्या कानात विचारलं होतं, 'पाउलुस, आपण कुठल्या बाजूला पळायचं?' मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतोय. मग तो चेंडू घेऊन उभाच राहिला, तेव्हा मी बोट दाखवून ओरडलो, 'तिकडं!' आणि तो तिकडं पळाला."

म्हातारा खाली बसला.

"मध्यंतरात त्याला धड उभं राहता येत नव्हतं," पाउलुस पुढे म्हणाला. तो काउपाकडे पाहत नव्हता. "आपण त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि परत मैदानात ढकललं. आपण म्हणतोय मी, दादा. बादली माझ्या हातात होती."

आणि ढकलणारा हात कोणाचा होता, हे त्याने सांगितले नाही. परंतु काउपाने आपला उजवा हात पाठीमागे घेतला.

शवपेटीपाशी बसलेली नूलची बायको इमेल्डा तेव्हा बोलली. "त्याला स्वतःच्या मळ्याची वाट सापडायची नाही. दोन वर्षं मी पुढं चालायचे, तो मागून. लोक म्हणायचे, नूल बायकोच्या मुठीत आहे. मी म्हणू दिलं. बोलले असते तर तुम्ही मलाच धरलं असतं, मी काय खायला घातलं म्हणून."

तेक्लाच्या दंडावरचा हात केव्हा निघाला, ते तिला कळले नाही. कोणी तिची क्षमा मागितली नाही. देवऋषीचे नाव पुन्हा कोणी काढले नाही, पण त्याला बोलावू नका असेही कोणी म्हटले नाही.

"ही अशीच घालायची त्याला?" काउपाने विचारले.

"अशी नको," इमेल्डा म्हणाली. "मावशी, धुऊन दे."

तेक्ला जर्सी घेऊन नदीकडे निघाली. अर्ध्या वाटेत तिला मागून पावलांचा आवाज आला. तिने वळून पाहिले, तर काउपा एकटाच येत होता, आणि चालताना कोयता त्याच्या मांडीवर आपटत होता. तिने वेग वाढवला नाही की पाय थांबवले नाहीत. ती आपल्या नेहमीच्या दगडापाशी पोचली, गुडघ्यांवर बसली आणि साबण लावू लागली. सात वर्षांचे रक्त सुटत नाही. ते फक्त फिकट होते. तिने ते तीन वेळा घासले. सारा वेळ पलीकडच्या दगडावर बसून काउपा तिच्या हातांकडे पाहत होता.

धुणे संपले. ओल्या जर्सीला पीळ घालण्यास दोन माणसे लागतात, आणि एरवी नदीवर कोणीतरी बाई हात देते. काउपा उठला. त्याने कमरेचा कोयता काढला. तो त्याने दगडावर ठेवला.

"दुसरं टोक दे," तो म्हणाला.

तिने दिले. दोघांनी विरुद्ध बाजूंना पीळ घातला आणि सहा हा आकडा गुंडाळत जाऊन दिसेनासा झाला. पाणी प्रथम तांबूस आले, नंतर स्वच्छ. काउपाचे खांदे हलत होते. तो रडत होता की जोर लावत होता, हे तिला सांगता आले नसते. तिने आपले टोक घट्ट धरले. पीळ पुरा होईपर्यंत, आणि नंतर गावापर्यंतच्या सगळ्या वाटेवर त्याला पुढे चालू देऊन, तिने त्याच्याकडे पाठ केली नाही.