घसरगुंडी सर

आमचे सर 'नो' म्हणाले ना, की त्यांची हनुवटी आधी खाली जायची, मग हळूच वर यायची आणि ओठांचा चंबू व्हायचा. साधा नकार, पण बघायला तिकीट लावावं असा! जुन्नरात खताच्या दुकानावरच्या खोलीत ते इंग्रजी बोलण्याचा क्लास घ्यायचे. आख्खा क्लास त्यांना घसरगुंडी सर म्हणायचा, आणि ते त्यांना माहीत होतं.

मी निमगाव साव्याचा. नकला हा माझा धंदाच. सरपंच, कंडक्टर, टोमॅटोचा लिलाव करणारा, कुणालाच सोडलं नाही. पहिल्याच आठवड्यात सर यायच्या आधी मी फळ्यापुढं उभा राहून त्यांचा 'नो' केला. पोरं हसेनात. मागं वळलो तर दारात सर! म्हटलं, आज फी परत. सर शांतपणे म्हणाले, "हनुवटी कमी हलली. परत कर."

त्यांचं सगळं इंग्रजी एका गोष्टीवर उभं होतं, ती म्हणजे घसरणारे स्वर. "तुमी 'गो' म्हणता तो जागेवर उभा राहतो, चावडीवरच्या म्हाताऱ्यासारखा. इंग्रजीतला तसा नाय. तो 'ओ' वरून निघतो आन् 'उ' कडं घसरतो."

मी लगेच फेकलं, "गो-उ!"

"अरे राव, हे दोन थांबे झाले. आण्याचा घाट उतरताना एसटी मधे थांबते का? एका दमात घसरायचं. सुरुवातीला जोर, शेवटाला नुसतं तिकडं वळायचं. पार पायथ्याला जायचं नाय."

मग सगळ्यांनी मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करायचा, हनुवटीला बोट लावायचं आणि डे, गो, हाऊस, बॉय म्हणायचं. दहा-बारा जण एकदम माशासारखी तोंडं करतायत! एकदा खालचा खतवाला काळजीनं वर आला. "सर, पोरांच्या दाढा दुखत्यात का?"

मला तर त्याचं वेडच लागलं. एवढं, की मराठीही घसरायला लागली. घरी 'गोड' म्हणालो तरी 'गोउड' निघायचं. आई म्हणाली, "तोंड आलंय का रं तुला?" सरांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "मराठीला हात लावू नको बाबा. ती हाय तिथं बरी हाय."

माझ्या डोक्यात एकच होतं. परदेशी पाहुण्यांना लेण्याद्रीची लेणी दाखवणारा गाईड व्हायचं. पुण्यातल्या एका टूर कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. वडिलांनी मात्र चाकणच्या कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. मुलाखत हुकली, की सोमवारी डबा घेऊन तिकडं.

नेमके त्याच महिन्यात सर क्लास बंद करून लेकीकडं नागपूरला निघाले. स्टँडवर त्यांची बॅग चढवताना मी फुशारकी मारली, "सर, काळजी नको. मुलाखतीत असा गोरा साहेब काढतो ना!"

ते खिडकीतून म्हणाले, "साहेब त्यांच्याकडं लई येत्यात. तू जा."

मी ऐकतोय होय! मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, लेण्यांबद्दल दोन मिनिटं बोला. मी नाकातून साहेब सोडला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुठल्या देशाचे तुम्ही?"

"निमगाव सावा, मॅडम."

"मग तिथल्या माणसासारखं बोला ना."

झालं! साऱ्या तालुक्याचे आवाज येतात मला, पण स्वतःचा कधी काढलाच नव्हता. चाकणचा डबा डोळ्यांपुढं आला. नकळत बोट हनुवटीला गेलं. माझ्याच जाडसर आवाजात म्हणालो, "धिस केव्ह..." आणि घसरला! बरोब्बर घसरला! मग स्टोन घसरला, माउंटन घसरला, बोलता बोलता पायऱ्या चढून मॅडमना लेण्यांपर्यंत घेऊन गेलो. मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

संध्याकाळी पुण्याच्या स्टँडवरून सरांना फोन लावला. शेजारी कंडक्टर "नारायणगाव, नारायणगाव" ओरडत होता. मी तोंड उघडायच्या आतच सर म्हणाले, "थांब. आधी 'केव्ह' म्हण."

"केव्ह."

"परत."

"केव्ह!"

"परत एकदा."

स्टँडवरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी ओरडलोच, "केव्ह! सर, अहो, नोकरी मिळाली मला!"

मग सर म्हणाले, "ते पहिल्याच 'केव्ह'ला कळलं रे. बाकीचे मला ऐकायचे व्हते."