बोडकं बेट

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या बेटावरची पाखरं कुणा माणसानं अंडी खाल्ल्यामुळे गेली नाहीत. ती माझ्यामुळे गेली, आणि मला ते माहीत होतं.

शेवगावकडे, धरणाच्या फुगवट्याला आमचं गाव. समोर पाण्यात एक खडकाळ टेकडी उरलीय, तिला सगळे बेट म्हणतात. वर कुसळी गवत, सराटे, दगडांच्या फटीत दगडीपाला. झाड एकही नव्हतं. ऊन तापू लागलं की काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची पाखरं तिथल्या उघड्या मुरमावर अंडी घालायची. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात. मी गावच्या शाळेत शिक्षक. दुर्बीण घेऊन फिरतो म्हणून लोकांनी मला 'पाखरांचे सर' करून टाकलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी हिवरे बाजार हे आदर्श गाव पाहून आलो. तिथल्या लोकांनी काय कुठं लावायचं याचा विचार केला होता. मी नुसता हिरवा रंग पाहून आलो. बेट बोडकं दिसतं, पाखरांना सावली हवी, हे माझं मीच ठरवलं. लवकर वाढते म्हणून सुबाभूळ निवडली आणि पावसाळ्यात बेटभर बी टोकलं. गावानं हार घातला.

तीन वर्षांत रान माजलं. मुरूम पाचोळ्याखाली गेला. एका सकाळी दुर्बिणीतून पाहिलं, तर सुबाभळीच्या शेंड्यांवर कावळे. पाखरू अंड्यांवरून उठलं की एक खाली उतरायचा आणि अंडं घेऊन परत फांदीवर. आधी त्यांना तिथं टपून बसायला जागाच नव्हती. मला तेव्हाच सगळं कळलं. वही मिटली आणि घरी आलो.

त्याच उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय निघाला, पाखरं का कमी झाली. बेटावर झोपडी टाकून राहणारा एकच माणूस होता, मासे धरणारा.

"दुसरं कोण खानार अंडी? तिथंच तर ऱ्हातोय ह्यो," कुणीतरी म्हणालं.

"आवं, मासं खाऊन मला लई कटाळा आलाय, पर अंडी न्हाई खाल्ली," तो म्हणाला. लोक हसले. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "सर, तुमी रोज दुर्बिनीतनं बघता. तुमीच सांगा की."

मी म्हणालो, "नक्की काही सांगता येणार नाही."

तेवढ्यावर ठराव झाला: त्यानं बेटावर पाय ठेवायचा नाही. झोपडी मोडली. नाव पडलं 'अंडेखाऊ', ते अजून आहे.

गेली पाच वर्षं हिवाळ्यातल्या दर रविवारी मी सुबाभूळ उपटायला जातो. ती तोडून भागत नाही, पुन्हा फुटते. मुळासकट खणावी लागते. गावाला एवढंच सांगितलंय की रान फार माजलं. होडी त्याचीच. तो मला काठाला सोडतो आणि होडीतच बसून राहतो, ठराव मोडत नाही.

"लावताना लई घाई केली, सर. आता कंबर मोडतीय."

"व्हय बाबा."

"मी आलो असतो हात लावाया. पर अंडेखाऊ पडलो ना!" असं म्हणून तोच हसतो.

एकदा कुदळ निसटून तळहात फाटला. तो होडीतून ओरडला, "पायाखाली दगडीपाला हाय, चोळा की त्यो! पाखरं वळखू येत्यात आन् पाला वळखू येत न्हाई व्हय?" मी चोळला. रक्त थांबलं. त्याच्याकडं बघवलं नाही.

यंदा मोकळ्या झालेल्या मुरमावर तीन जोड्यांनी अंडी घातली, दोन जोड्यांची पिल्लं उडाली. गाव म्हणतं, सरांनी पाखरं परत आणली. हेही मी ऐकून घेतलं.

झाडं उपटली म्हणजे फिटलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. पण बेटाचं देणं वेगळं, माणसाचं वेगळं. भर ग्रामसभेत, त्याच्या देखत, उभं राहून मला सांगायचं आहे की अंडी यानं खाल्ली नाहीत, कावळ्यांनी नेली, त्यांना टपून बसायला झाडं मी लावली होती, आणि यानं विचारलं तेव्हा मला खरं माहीत होतं. हे मी त्याला देणं लागतो. अजून दिलेलं नाही.