मोठ्या तबकडीचं घड्याळ

हे ऐकून जो हसेल त्याच्या हातातला चहाचा कप मी काढून घेणार, आधीच सांगून ठेवतो. इतकी वर्षं झाली, पण ती सभा आठवली की माझं डोकं अजून तापतं!

मला मनगटी घड्याळं जमवायचा नाद. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत माणसं कमी आणि घड्याळं जास्त. पण ह्या नादातलं दुःख तुम्हाला नाही कळायचं. अहो, हाताला एका मापाची सवय होते! महिनाभर बारीक घड्याळ घातलं आणि मग मोठं चढवलं, की हात दुसऱ्याचाच वाटायला लागतो. दाराच्या कडीवर आपटतो, आमटीत बुडतो. आणि मोठं काढून बारीक घातलं, की हातात काही आहे हेच कळत नाही. सारखं चाचपत बसायचं!

तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मी नुकतंच चोरबाजारातून एक थोरलं घड्याळ आणलेलं. बोटीवरच्या कुठल्या साहेबाचं असावं. बशीएवढी काळी तबकडी आणि स्टीलचा स्प्रिंगवाला पट्टा. साहेबाचं मनगट रेड्यासारखं असणार, आणि माझं म्हणजे शेवग्याची शेंग.

"अहो, त्या पट्ट्याच्या दोन-चार कड्या काढून आणा," बायको म्हणाली.

"कड्या काढू? अगं, मूळ पट्टा आहे तो! मूळ पट्ट्याला हात लावायचा नसतो!"

"मग तुमचा हात जाड करून आणा."

"सवय होईल!" मी ओरडलो. आमच्या घरात मी ओरडलो की ती गप्प बसत नाही, स्वैपाकघरात जाते आणि तिथून बोलते.

त्याच संध्याकाळी परळला सभा होती. दोघंही गेलो. ती बायकांच्या बाजूला बसली, मी पुरुषांच्या गर्दीत उभा. हातात थोरलं घड्याळ. पण त्याच्या वेळेचा अजून भरवसा नव्हता, म्हणून रोजचं बारीक घड्याळ उजव्या खिशात. डाव्या खिशात बायकोचं लेडीज घड्याळ, येता येता दुरुस्तीवाल्याकडून घेतलेलं. आता ह्यात काही वावगं आहे का? तुम्हीच सांगा!

वक्ते गरजले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि आम्ही सगळे, "झालाच पाहिजे!" एका हातानं घोषणा देणारा मी नव्हे. दोन्ही मुठी आभाळात! घसा फुटेस्तोवर ओरडलो, हात खाली आणले, आणि बघतो तर काय? मनगट रिकामं!

डोक्यात तिडीकच गेली. भर सभेत, महाराष्ट्राच्या नावानं मूठ उगारलेल्या माणसाचं घड्याळ मारता? शेजारी एक आडदांड गिरणीवाला कधीचा मला चिकटून उभा होता. मी त्याचं मनगटच धरलं.

"चोर! काढ माझं घड्याळ!"

"कोण चोर? माका चोर म्हणतस?"

त्यानं हात हिसकला, मी ओढला, आणि त्या ओढाओढीत घड्याळ पट्ट्यासकट माझ्या मुठीत आलं. मी ती मूठ तश्शी उंच धरली. "सापडलं! हे बघा, सापडलं!"

झालं! दोघांनी त्या बिचाऱ्याची गचांडी धरली. एकानं पायातली चप्पल काढली. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक मध्ये पडला.

"थांबा! साहेब, तुमच्या घड्याळाची खूण सांगा."

"काळी तबकडी! बशीएवढी!"

त्यानं माझी मूठ उघडली. आत रुपयाएवढं, पांढऱ्या तबकडीचं घड्याळ.

"ह्या माझा!" गिरणीवाला गरजला. "लग्नात सासऱ्यान दिलेला! मागे माझा नाव आसा, बघा. गावडे!"

स्वयंसेवकानं उलटं करून बघितलं. होतं. गावड्यांची गचांडी सुटली. चप्पल मात्र होती तशीच वर राहिली, फक्त माझ्याकडे वळली.

"अरे वा! आपणच चोर-चोर ओरडायचं आणि दुसऱ्याच्या हातातलं काढायचं! नवीन धंदा वाटतं!"

"मी चोर? मी?" माझा असा संताप झाला म्हणता! "घ्या! घ्या झडती!"

हो, मीच म्हणालो. कोणी मागितली नव्हती.

उजव्या खिशातून एक घड्याळ निघालं. डाव्यातून लेडीज. "शी! बायकांनाही सोडत नाही मेला!" मग कोणीतरी माझी बाही वर सारली, तर थोरलं घड्याळ थेट कोपराशी रुतून बसलेलं! मुठी उगारता उगारता सरकत गेलं होतं, आणि मला पत्ता नाही.

"बाहीत लपवतो! द्या पोलिसात!"

"पोलीस कशाला?" चप्पलवाला म्हणाला. "आपला मराठी माणूस पोलिसांच्या हाती द्यायचा नाही, चोर असला तरी. आपणच बघू."

'आपणच बघू' म्हटल्यावर मी दोन पावलं मागे सरकलो. पण आवाज चढलेलाच! "माझी बायको तिकडे बसलीय! विचारा तिला मी कोण आहे ते!"

तिला बोलावून आणलं.

"बाई, ह्यांना ओळखता?"

"ओळखते म्हणजे? आमचे हे आहेत."

"ह्यांच्या अंगावर तीन घड्याळं सापडली."

"तीनच?" ती म्हणाली. "घरी ट्रंक भरून आहेत!"

गर्दीतून असा काही 'हां!' निघाला की व्यासपीठावरचे वक्तेसुद्धा थांबले. स्वयंसेवक बायकोकडे वळला. "इतकी... आणतात कुठून?"

"चोरबाजारातून," बायको म्हणाली. खरं बोलायची केवढी हौस!

संपलं. मी डोळेच मिटले. आता पहिली चप्पल कुठे बसते एवढंच बघायचं राहिलं. तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला. डोळे उघडले तर गावडे. त्यांनी ते थोरलं घड्याळ कोपरावरून खाली ओढलं. मनगटावर थांबलंच नाही, पंजावरून घसरून सरळ त्यांच्या ओंजळीत पडलं.

"सोडा रे ह्याका," ते म्हणाले. "ह्यो चोर असतो, तर हातात बसणारां तरी चोरल्यान असतां!"

मैदान हसलं. चप्पलवाला हसला आणि चप्पल पायात घातली. बायको तर पदर तोंडात कोंबून हसत होती. सुटलो म्हणून मी गावड्यांपुढे हात जोडले, माफी मागितली, त्यांचं घड्याळ त्यांच्या मनगटावर परत गेलं.

पण राग आला तो आलाच! अहो, भर सभेत लोक मला चोर म्हणाले, ते मी केव्हाच गिळलं. पण माझ्या घड्याळाला 'बसत नाही' म्हणतो? अरे, बसत नाही काय बसत नाही! सवय झाली नव्हती!