लाल दोऱ्याच्या तीनशे प्रती

बल्लारपूरच्या बसस्टँडमागे जहीर जिल्दसाजाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक दार, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि खळीचा वास. शाळेचं हजेरीपुस्तक, कोणाची पोथी, कोणाचं कुराण, सगळं तिथे एकाच वजनाखाली वाळतं. सुनेनं मोबाइल घेऊन दिला आणि साठी ओलांडलेल्या जहीरभाऊंना भलताच नाद लागला. दुपारचं जेवण झालं की ते जुन्या पुस्तकांच्या जाहिराती उघडत आणि त्यांतल्या खोट्या पकडत.

'सन पासष्टची पहिली आवृत्ती, अतिदुर्मिळ' असं वर लिहिलेलं, आणि फोटोत पाठीमागे बारकोड. असं काही सापडलं की त्यांना आतून गुदगुल्या होत. एका कवीची सही तर तीन शहरांतल्या तीन प्रतींवर शाईच्या त्याच ठिपक्यासकट निघाली. "भाऊ, ही सही नाई, छापा हाय," असं तिघांनाही कळवून ते इतके हसले की खळीचं भांडं मांडीवर सांडलं. पुढे दिवसभर लुंगी पुठ्ठ्यासारखी उभी राहिली. एका विक्रेत्यानं चिडून विचारलं, तुम्ही कोण? जहीरभाऊंनी लिहिलं, 'पुस्तकं शिवतो.'

अशा माणसाकडे एका दुपारी पोंभुर्ण्याहून आशाबाई आल्या. पुतणी रंजीता स्कूटीवर घेऊन आली होती. आशाबाईंचे यजमान धनराज झाडीपट्टीच्या नाटकात राजे व्हायचे, आणि नाटकं लिहायचेही. त्यांचं 'कुंकवाला फुटला घाम' गावोगाव गाजलं. त्याचं पुस्तक पहिल्या प्रयोगालाच निघालं होतं, आणि त्याच्या तीनशे प्रती जहीरभाऊंनीच शिवल्या होत्या. धनराजांना जाऊन आता अठरा वर्षं झाली.

"जहीरभाऊ, मोबाइलवर त्यायचं पुस्तक विकून राह्यले म्हणते हे पोरगी," आशाबाई म्हणाल्या. "वरतून सहीसकट. खरं हाय का, तेवढं पाहून द्या जी."

रंजीतानं जाहिरात वाचून दाखवली. "पहिल्या प्रयोगाच्या दिवशी लेखकाने रसिकांसमोर केलेली स्वाक्षरी. एकमेव प्रत."

"तुमच्या घरी नाई का सहीची प्रत?" जहीरभाऊंनी विचारलं.

"घरच्या माणसाले काऊन सही पायजे, म्हणत. देतो देतो करत गेले." आशाबाईंनी पदर सारखा केला. "एक असावी वाटते. त्यायच्या हातची."

जहीरभाऊ पुढे सरसावले. फोटो दोन बोटांनी ताणला. पुस्तक मधोमध उघडलेलं होतं, आणि पानांच्या खोबणीत लाल दोरा. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"पुस्तक अस्सल हाय, बाई. त्या वक्ती पांढरा दोरा संपला होता. लाल दोऱ्यानं शिवलेलं नाटक अख्ख्या दुनियेत तीनशेच."

आशाबाईंचा चेहरा असा उजळला की जहीरभाऊंना पुढचा फोटो उघडायची भीतीच वाटली. उघडला. निळ्या शाईत सुरेख, गोल अक्षरं होती, आणि खाली लांब वळणदार शेपटी.

भिंतीवरच्या तारेत वर्षानुवर्षांच्या चिठ्ठ्या खोचलेल्या होत्या. कोणाला काळा पुठ्ठा हवा, कोणाला कापडाची पाठ. जहीरभाऊ एकही फेकत नसत. तळाकडची एक त्यांनी उपसून काढली, मोबाइलशेजारी धरली, आणि त्यांचं हसू मावळलं. खोटं सापडल्याचं वाईट त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

"बाई, कसं सांगू. पुस्तक खरं, पण सही धनराजभाऊची नाई. कोण्या चोट्ट्यानं केली हाय."

"पाहू." आशाबाईंनी चष्मा लावला, मोबाइल नाकाजवळ नेला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. रंजीता घाबरली. "मोठीमाय, रडू नको ना."

मोठीमाय हसत होती. हसता हसता पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसली.

"तो चोट्टा मीच हाय, जहीरभाऊ."

"म्हंजे?"

"मध्यंतरात पुस्तकं विकाले टेबलावर मी बसत होती. हे मुकुट घालून पडद्यामागं. लोकं म्हणत, सही पायजे, अन् घंटा तर वाजून राह्यली. मग करत गेली मीच. माया सहीले शेपटी हाय पाहा. त्यायची सही म्हंजे मेलेलं झुरळ."

"सगळ्या प्रती?"

"मले आठवते तेवढ्या सगळ्या. पहिल्या प्रयोगाले फक्त मी माहेरी होती, आरमोरीले. वाटलं, त्या दिवशी तरी यायनं दोन-चार केल्या असन. म्हणून आली." त्यांनी डोळे पुसले. "या विकणाऱ्यानं तो दिवस काऊन घातला जी मधात?"

"किंमत वाढाले," जहीरभाऊ म्हणाले, आणि तेही सुटले. दोघं इतके हसले की शेजारचा चपलावाला डोकावून गेला.

"त्याले लिहा," आशाबाई म्हणाल्या. "सही खरी हाय, माणूस दुसरा हाय."

जहीरभाऊंनी शब्द न बदलता लिहिलं. उत्तर लगेच आलं: 'मग कोणाची आहे?'

"टेबलावरच्या बाईची, म्हणाव."

दहा मिनिटांत जाहिरात गायब झाली. रंजीतानं दोनदा शोधून पाहिलं.

मग जहीरभाऊंनी हातातली चिठ्ठी पुढे केली. 'जहीरभाऊ, पांढरा दोरा नसन तर लाल लावा. दिसला तर बेसच.' खाली मेलेलं झुरळ.

आता तपासायची पाळी आशाबाईंची होती. त्यांनी कागद उलटा केला, उजेडात धरला, नखानं कोपरा खरवडला. तिथे पांढऱ्या रंगाचा अंगठ्याएवढा ठसा उमटला होता. नाटकासाठी तोंडाला सफेदा फासून बसले असताना धनराजांनी ती लिहिलेली दिसत होती. आशाबाई त्या डागावर अंगठा ठेवून बसून राहिल्या.

"झकास पुठ्ठ्यात बांधून देतो, बाई. लाल कापड लावतो," जहीरभाऊ म्हणाले.

"नको जी." त्यांनी चिठ्ठी होती तशी, जुन्याच रेघेवर मिटली. "घडी त्यायची हाय."